जीपमधली जागा

सन्माननीय अध्यक्ष शेख मुहन्ना बिन खल्फान, शिक्षण खात्याच्या वतीनं मस्कतहून आलेल्या मौझा मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, माझ्या सहकारी शिक्षिका, उजवीकडे बसलेले गावकरी, डावीकडच्या माझ्या आयाबहिणी, आणि पार दाराजवळच्या खुर्चीतले माझे वडील, सुलैयम बिन हुमैद. त्यांचं नाव शेवटी घेतलं, कारण तुम्ही त्यांना बसवलंतही शेवटीच.

अध्यक्षांनी आत्ता मला सत्काराची शाल घातली, माझा परिचय वाचला. आवाज छान आहे त्यांचा. पण त्यातली दोन वाक्यं ऐकताना मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. एक, "रय्याबाईंचं शिक्षण माझ्या मरहूम वडिलांच्या कृपेनं झालं." आणि दुसरं, "वडील पाण्याच्या कामात जरा कमी पडले, पण लेकीनं नाव राखलं." त्यावर थोडा हशाही झाला. कोण हसलं ते मी पाहिलंय. छत्तीस वर्षं वर्ग सांभाळलेत मी.

तेव्हा माझा परिचय आता मीच करून देते.

मी पाणी वाटणाऱ्याच्या घरातली. पाणी वाटणाऱ्याला आमच्याकडे अरीफ म्हणतात; आजोबा अरीफ, बाबाही अरीफ. मस्कतच्या पाहुण्यांनी कदाचित पाहिलं नसेल, म्हणून सांगते. कालव्याचं पाणी कुणाच्या बागेत किती वेळ जाणार, ते तेव्हा सावलीवर ठरायचं. मोकळ्या जागेत एक काठी रोवलेली आणि पुढे दगडांची रांग. सावली दगडावर आली की अरीफ हाक देणार, एका बागेची वाट बंद, पुढच्या बागेची उघडी. त्या हाकेवर आख्खं गाव जेवायचं.

बाबांच्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्या होत्या. हे गावाला माहीत नव्हतं, घराला होतं. म्हणून नऊ वर्षांची मी काठीपाशी बसायचे. "रय्या, कुठवर आली गं?" ते विचारायचे. "चार बोटं राहिलीत, बाबा." मग ते उठायचे आणि हाक द्यायचे. त्यांचे डोळे मी होते. माझं पहिलं शिक्षण ते, आणि ते कुणाच्या कृपेनं झालेलं नाही.

मग दुष्काळाचं साल आलं. कालवा अर्ध्यावर. एका दुपारी माणसं सावलीला आडवी झाली होती. शेख खल्फान आले, हातातल्या काठीनं त्यांनी एक दगड वीतभर पुढे सरकवला. त्यांच्या बागेची पाळी लांबली, मागून येणाऱ्या विधवा झुवैनाची आखडली. वळले, तर समोर मी. रागावले नाहीत. गोड हसले. म्हणाले, "शाळेत जायचंय ना तुला? उद्यापासून मुहन्नाबरोबर आमच्या जीपमध्ये बसत जा."

काय अध्यक्ष महाराज? पाणी घ्या, समोरच ठेवलंय. नाही, वेळ झालेली नाही. वेळेचं तुम्ही मला सांगू नका.

शाळा डोंगरापलीकडे, तंबूत भरायची. जीपशिवाय जाणार कशी? मी दुसऱ्या दिवशी पहाटे केस विंचरून तयार होते. दुपारी परतले की काठीपाशी बसायचे आणि बाबांना सावली सांगायचे, त्या सरकवलेल्या दगडापासून मोजून. महिन्याभरात झुवैनाची लिंबाची झाडं वाळली. ती ओरडत मजलिशीत, गावाच्या बैठकीत आली. दोरी लावून दगड मोजले आणि चोरी उघड झाली. दगड कुणाच्या राखणीत? अरीफच्या. शेख खल्फान तिथेच कहवा पीत बसले होते, आणि "सुलैयम, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" असं त्यांनीच म्हटलं.

एका म्हाताऱ्यानं मला बोलावलं. "पोरी, तू असायचीस तिथे. दगड कुणी हलवला?" मी शेखांकडे पाहिलं. मग मी म्हणाले, "मला झोप लागली होती."

बाबा माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. मला उन्हात कधी झोप लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एक शब्द काढला नाही. त्यांचं काम गेलं. मतरहच्या बंदरात गोदामाची राखण केली त्यांनी, वीस वर्षं. गावात परतले, पण मजलिशीत पुन्हा कधी कहवा घेतला नाही. आणि मी? मी जीपमधून जात राहिले, शिकत राहिले, वर्गावर्गात पोरींना खरं बोलायला शिकवत राहिले. इतकी वर्षं ते कसं जमलं, मला विचारू नका.

तर मुहन्ना बिन खल्फान, माझं शिक्षण तुमच्या वडिलांच्या कृपेनं झालेलं नाही. ते माझ्या वडिलांची अब्रू विकून झालं. विकत घेणारे तुमचे वडील. विकणारी मी. ही शाल तुमच्याच हातानं आली आहे, ती इथे टेबलावर ठेवते. गावकरीहो, दगड सुलैयमनं हलवला नव्हता. तुमच्यातल्या निम्म्यांना तेव्हाही ते कळलं होतं. पाणी शेखांच्या हातात होतं, म्हणून तुम्ही गप्प बसलात. माझ्यासारखेच.

हलवा-कहव्याची व्यवस्था करणाऱ्या शिक्षिकांचे आणि ही सतरंजी अंथरणाऱ्या मुलींचे मनापासून आभार. भाषणात काही अधिकउणं बोलले असेन, तर त्याबद्दल या सभागृहाची मी माफी मागत नाही.

माफी एकाच माणसाची मागायची आहे. बाबा, मला झोप लागली नव्हती.