गजूचा पडीत खेळाडू

आमच्या इंझोरीच्या गजूचं डोकं कसं चालते, आइका. आमी दोस्त मोबाइलवर फुटबॉलच्या टीमा बनवतो. खरे खेळाडू आळीपाळीनं वाटून घ्याचे, त्याइनं गोल मारले का आपले गुण वाढतात. शेवटी राह्यला त्यानं सगळ्याइले पार्टी द्याची. खेळाडू निवडाचा पह्यला नंबर गजूचा, आन् या बहाद्दरानं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षभर घरी बसलेला गडी उचलला!

"काहून बे?" मी इचारलं.

खाटेवर लोळत गजू म्हणे, "अबे, पडीत ठेवलेल्या वावरात पुढच्या साली पीक जोरदार येते. यानं वर्षभर आराम केला, आता पाह्य, गोलावर गोल मारन."

त्याचा बाप बाजूलेच म्हशीले कुटार टाकून राह्यला होता. तो म्हणे, "पडीत वावरात आधी तण माजते, लेका. तीन सालापासून तू खाटेवर पडून हायस, मी पाहूनच राह्यलो ना!"