जांभळ्या प्रवाळाची दुसरी फांदी

मायाग्वेसच्या बेकरीतली रांग जागची हलत नव्हती आणि माझं डोकं फिरलं होतं. पुढे दोन बायका होत्या, नेरेइदा आणि तिची मैत्रीण मिग्दालिया.

“मिग्दा, मेले मी! एलिएसेरच्या माशांच्या टाकीतलं जांभळं प्रवाळ पांढरंफटक पडलं.”

“तू काय केलंस?”

“काही नाही गं. मळकट दिसत होतं, रंग खुलेल म्हणून दिवा फुल केला.”

“अगं बये, भाजलंस की त्याला! आधी दिवा मंद कर. अजून मेलं नसेल, पण रंग यायला महिने जातील.”

“तो रविवारी येतोय! लग्नात माझ्याकडे बघितलं नाही एवढं त्या टाकीकडे बघतो.”

“मग दुसरी फांदी आण. हे प्रवाळवाले एक फांदी तोडून कुणाकडे तरी ठेवतातच, आपलं गेलं तर परत मागायला. त्यानं कुणाला दिलीय?”

“जाऊ दे.”

“बोल की!”

“इवेलिसला.”

“पहिल्या बायकोला? हाय देवा!”

“हसलीस तर थोबाडीत देईन.”

“नाही हसत. लाव फोन. आणि स्पीकरवर टाक.”

तेवढ्यात रांग सरकली, पण त्या दोघी फोनच्या नादात तिथंच उभ्या. मी मागच्या म्हाताऱ्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

“हॅलो, इवेलिस? मी नेरेइदा. एलिएसेरची बायको. म्हणजे, आत्ताची.”

“दिवा वाढवलास ना?”

“तुला कसं कळलं?”

“ये, फांदी घेऊन जा. मीपण वाढवला होता.”