हेमंतदादा आणि कारखान्यातलं मेझकाल

बसा ना. मागच्या भिंतीला अजून खुर्च्या आहेत, ओढून घ्या.

वहिनी, ईरा, नागपूरहून पडद्यावर बघणाऱ्या, हेमंतदादांच्या आई, आणि इथे ल्यूकन, ॲडम्सटाउन, कुठून कुठून आलेले तुम्ही सगळे. मी प्राजक्ता. हेमंतदादांच्या कंपनीत, त्यांच्याच टेबलावर काम करते. दादांच्या निरोपाचे चार शब्द बोलायला मला सांगितलंय. पण खरं सांगू? थकलेय मी. आपण सगळेच थकलोय. डबे पोचवून, हॉस्पिटलच्या खेपा घालून, 'आज कसे आहेत' हे विचारून विचारून थकलोय. लिहून आणायचं ठरवलं होतं, दोन ओळींवर डोळा लागला. तेव्हा आठवेल तसं बोलते. सांभाळून घ्या.

दादा नक्की काय काम करायचे, हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. गणपतीत टाळ वाजवणारे दादा ठाऊक आहेत. कामाचं विचारलं की ते म्हणायचे, "क्वालिटीत आहे," आणि विषय बदलायचे. कारण आई. आई, रागावू नका, आज सांगतेच. तुम्ही पहिल्यांदा इथे आलात तेव्हा म्हणालात, "काऊन रे बापू, एवढं शिकून दारू चाखाची नोकरी करते का कोनी?" दादा म्हणाले, "आई, मी गिळत नाही, थुंकतो." त्यावर तुम्ही म्हणालात, "मंग तं अजूनच वाया गेली!"

हसा, हसा. दादा हे आम्हाला दर वेळी नव्याने सांगायचे, आणि सांगून व्हायच्या आधी स्वतःच हसायचे.

तर दारू चाखायचे ते. आमची कंपनी परदेशातून दारू आणून इथल्या दुकानांना पुरवते. कुठला माल घ्यायचा, कुठला परत धाडायचा, हे आम्ही चार-पाच जण चाखून ठरवतो. शेवटचा शब्द दादांचा. त्यांच्याकडे मेझकालचं काम असायचं. ही मेक्सिकोची दारू. आपल्याकडे घायपात असते ना बांधावर, तिच्या जातीतल्या झाडाचा गड्डा शिजवून, आंबवून काढतात. गावाकडे तो जमिनीत खड्डा करून निखाऱ्यांवर भाजतात, म्हणून तिला धुराचा वास. पण मोठ्या कारखान्यात तोच गड्डा वाफेवर शिजतो. प्रचंड मोठा कुकर म्हणा. तिथे धूर नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कारखान्याचं मेझकाल आमच्याकडे आलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाला ते स्वतःच्या नावाने विकायचं होतं. आम्ही चाखलं. एकेकाने नाक मुरडलं. "हे मेझकालच नाही." "कारखान्याचं आहे, कळतंय." मीसुद्धा तेच म्हटलं. दादांनी पाणी घालून पुन्हा हुंगलं, घोट तोंडात फिरवला, थुंकला. मग म्हणाले, "स्वच्छ आहे. शिजलेल्या गड्ड्याची गोडी आहे. घशाला ओरखडा नाही. यात वाईट काय आहे?"

मी म्हटलं, "दादा, धूर कुठाय?"

"वाफेवर शिजवलंय, धूर येणार कुठून? तुझ्या घरी इंडक्शन आहे ना? भरताचं वांगं ओव्हनमध्ये भाजतेस. ते भरीत वाईट असतं का?"

"नाही."

"आणि ते चुलीवरचं असतं का?"

"नाही."

"मग झालं तर."

आणि त्यांनी ते पास केलं. आम्ही सगळे नको म्हणत असताना पास केलं. हे मुद्दाम सांगतेय. कारण नंतर जे झालं त्यावरून लोकांना वाटलं, हा माणूस हट्टी आहे, कारखान्याच्या मालावर याचा राग आहे. राग नव्हता. तो माल त्यांना आवडला होता.

गिऱ्हाइकाला नाही आवडला. त्यांना धूर हवा होता. काही आठवड्यांनी त्याच कारखान्यातून नवीन नमुना आला. आता त्याला छान धुराचा वास. आम्ही खूश! सोबत बाटलीचं लेबल आलं. त्यावर खड्डा, निखारे आणि गड्डे वाहणारं एक गाढव.

दादा त्या पेल्यापाशी किती वेळ बसले. पाणी घातलं तेव्हा मला म्हणाले, "बघ. गोडी एकीकडे गेली, धूर एकीकडे. दोघांची ओळख नाही." मग त्यांनी कारखान्याला सरळ विचारलं, शिजवायची पद्धत बदलली का? उत्तर आलं, नाही, तीच वाफ.

मागे डेक्लन बसलाय, आमचा मॅनेजर. त्याला मराठी कळत नाही, पण नाव ऐकून मान वर केली बघा. डेक्लन वाईट माणूस नाही. त्याच्याही डोक्यावर वरचे लोक होते. तो म्हणाला, "हेमंत, इट्स ग्रँड, ठीक आहे हे. कुणालाही कळणार नाही." दादा म्हणाले, "मला कळलंय. वरून वास घातला तर घाला, तो गुन्हा नाही. पण तसं लेबलवर लिहा. आणि ते गाढव काढा." गिऱ्हाईक लिहायला तयार नव्हतं. दादांनी सही केली नाही.

ऑर्डर गेली. दुसऱ्या कंपनीने घेतली. आमच्याकडची दोन माणसं कामावरून कमी झाली, आणि त्यातली एक शिवॉन, जिला हुंगायला, चाखायला दादांनीच शिकवलं होतं. शिवॉन आज आलीये. मी तिला काही विचारलं नाही. ती आली, एवढं मला पुरे.

माझं वर्क परमिट तेव्हा या नोकरीला बांधलेलं. मी घाबरले होते, चिडले होते. स्टेशनकडे चालताना म्हटलं, "दादा, एवढ्याशा वासासाठी?"  ते म्हणाले, "अगं, वास येतो म्हणूनच तर पगार देतात ना मला."

शेवटी दादांचंच खरं ठरलं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तसं काही झालं नाही. ती बाटली आजही मिळते, गाढवासकट. चांगली खपते. आणि शिवॉनचा विषय निघाला की दादा उठून चहा करायला जायचे. ते ओझं त्यांनी शेवटपर्यंत वाहिलं. वहिनींना माहीत आहे.

मग आजारपण आलं. औषधांनी आधी तोंडाची चव नेली. सुपारी चघळतोय की साबण, कळत नाही म्हणायचे. त्यांनी कबूल केलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं. इतक्या वर्षांचा माणूस, अंदाजानेही बरोबर सांगितलं असतं. पण ते स्वतः डेक्लनकडे गेले. "आजपासून माझं मत धरू नका." आणि माझ्याकडे बोट केलं.

मी नको नको म्हणत होते. त्यांच्यासारखं नाक माझं नाही. मग मी नमुने ल्यूकनला त्यांच्या घरी न्यायची, दुपारी. ते पलंगावर, मी खुर्चीत. मी चाखायची, ते ऐकायचे. मागच्या महिन्यातलं सांगते. कारखान्याचंच मेझकाल होतं. ते म्हणाले, "काय लागतंय?"

मी म्हटलं, "स्वच्छ आहे, गोडी आहे…"

"माझे शब्द नकोत. तुझ्या जिभेला काय लागतंय?"

मी पुन्हा घोट घेतला. "उकडलेलं रताळं. मागून हिरवी मिरची चिरल्यासारखं. पण लगेच संपतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. थोड्या वेळाने म्हणाले, "आलं. आलं मला जिभेवर." त्यांना काय आलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. वहिनी दारात उभ्या होत्या.

आज इथे शिरताना दादांच्या लेकीने, ईराने, मला थांबवलं. ईरा, सांगू ना? तिला मराठी सगळं कळतं, उत्तर तेवढं इंग्रजीत येतं. म्हणाली, "वॉज ही एनी गुड ॲट इट? लाइक, रिअली?"  माणसं येत होती, कुणी गळ्यात पडत होतं.

उत्तर आता देते. ईरा, आम्ही सगळे नाक मुरडत होतो तेव्हा तुझ्या बाबाला त्या मालातलं चांगलं लागलं, आणि आम्ही सगळे खूश होतो तेव्हा त्यातलं खोटं लागलं. दोन्ही वेळा तो एकटा होता. दोन्ही वेळा त्याने ते मोठ्याने सांगितलं. हो गं. तुझा बाबा फार चांगला होता त्यात.

मला आता जास्त बोलवत नाही. उभे राहू शकाल ते उभे राहा, नाहीतर बसूनच. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. दादा, निघा तुम्ही. या आता.