चिकटपट्टीचा चर्र आवाज

अध्यक्षस्थानी असलेले नाना आग्येमफ्रा, व्यासपीठावरील कुलगुरू महोदया, आजचे सत्कारमूर्ती प्रोफेसर क्वाबेना ओफोसुहेने, आणि एवढ्या उकाड्यात जागा न सोडलेल्या कुमासीकर मंडळींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

भौतिकशास्त्राच्या माणसाला निरोप द्यायला नर्स कशाला, अशी मघापासून कुजबुज चालली आहे. ऐकू येतं मला. आमच्या कामात कान तिखट ठेवावे लागतात.

प्रोफेसरांनी उभा जन्म कशात घालवला? चिकटपट्टी ओढली की ती सरळ का सुटत नाही, यात! ती अडते, ताणते, एकदम सुटते, पुन्हा अडते. तो चर्र आवाज त्या झटक्यांचाच. हसा, हसा. मीही हसायची. एका दुपारी हसू पळालं.

त्यांची नात आमा सातव्या महिन्यातच जन्मली. पंज्याएवढं बाळ. तोंडात श्वासाची नळी, ती गालावर पट्टीने चिकटवलेली. आई शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वॉर्डात, म्हणून बाळापाशी आजोबा उभे. लाळेने पट्टीची एक बाजू सुटली आणि नळी हलू लागली. पट्टी बदलणं भाग होतं. डॉक्टर सेर्वांनी नळी धरली. मी कोमट पाण्याने पट्टी भिजवली, टोक धरलं आणि ओढलं.

चर्र.

पट्टीबरोबर गालाची घेवड्याच्या दाण्याएवढी साल निघाली. नळी सरकली. यंत्र ओरडू लागलं.

"सिस्टर, थांबा! नळी वर येतेय!" डॉक्टरांनी बजावलं.

आमाचे ओठ राखेसारखे झाले. डॉक्टरांनी नळी पुन्हा जागेवर नेली, पण अर्धी पट्टी अजून चिकटलेलीच होती. माझे हात लटलट कापत होते. आणखी एक झटका बसला असता, तर?

मागून आवाज आला, "टोक सोडा. जिथे चिकटली आहे, तिथे अगदी लगत धरा. लांब पट्टी रबरासारखी ताणते आणि मग हिसका देते."

"प्रोफेसर, हा तुमचा वर्ग नाही!" मी खेकसले.

"नाही. ती माझी नात आहे. उलटी दुमडा, गालाला लागून. आणि इतकं सावकाश, की आवाजच येता कामा नये."

मी लगत धरलं. दुमडलं. केसाएवढं ओढलं, थांबले, पुन्हा ओढलं. मंडळी, तेवढ्यात मला देव आठवले, माझी मेलेली आईसुद्धा आठवली. आवाज आला नाही. पट्टी हातात आली. ओठांचा रंग परतला. मग मी नवी पट्टी लावून नळी पक्की केली.

आमा पुढे घरी गेली. गालावर छोटा व्रण आहे, तो राहीलच. प्रोफेसर मात्र नंतर वॉर्डात आले आणि आम्हा नर्सना आपापल्या दंडावर पट्टी लावून, आवाज न करता काढायला शिकवू लागले. एकदा मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला इतकी खात्री कशी होती?"

ते म्हणाले, "खात्री कुठली? माझे सगळे प्रयोग काचेवरचे. काच हलत नाही, फाटत नाही. कातडीवर काय होईल, मला ठाऊक नव्हतं."

"मग एवढ्या ठाम आवाजात कसे बोललात?"

"सिस्टर, तुमचे हात कापत होते. माझा आवाजही कापला असता, तर पोर गेली असती."

प्रोफेसर, विद्यापीठ आज तुम्हाला मोकळं करतंय. आमचा वॉर्ड करणार नाही. आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. या नर्सची जीभ कुठे घसरली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.