क्लॅरीच्या तीस बाटल्या

हॅलो?... हो, नोएलीनच. या घरात फोन उचलायला दुसरं कोण आहे, इंग्लंडची राणी?

अगं एल्वा, तू होय!... आम्ही मजेत. अगदी मजेत. दुपारपासून फटाके उडतायत... नाही गं, नवीन वर्ष कसलं नोव्हेंबरात! तुझ्या भावाची बिअर.

हो. फुटतायत. बाटल्या, बाटल्या फुटतायत!

शनिवारी तुझ्यासाठी दोन बाजूला ठेवू? ठेवल्यात की. एक छताला लागलीये, एक भिंतीवरून ओघळतेय. येताना चमचा आण, खरवडून देते.

थांब... थांब जरा... ऐकलंस?... ही अकरावी.

शेडमध्ये, आणखी कुठे. पत्र्याची शेड, नोव्हेंबरातच उन्हाळा पेटलाय, बाहेर अडतीस डिग्री, आत काय असेल ते तूच बघ. मी दार लावून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी आहे.

क्लॅरी?... तोही शेडमध्येच.

ओरडू नकोस. माझा काय इलाज? बाहेर ये म्हटलं, चारदा म्हटलं. साहेबांनी आग विझवायला जाताना घालतात ते हेल्मेट चढवलंय, वेल्डिंगचं जाकीट घातलंय, आणि हातात माझे ओव्हनचे हातमोजे. फुलाफुलांचे. एकेक बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळतोय आणि झाकण सैल करतोय. म्हणतोय, उरलेल्या वाचवतो. तीस बाटल्यांची बिअर, त्यातल्या अकरा गेल्या... 

अगं ऐक ना... ऐक तर... मी हसत नाहीये, एल्वा. मला घाबरायला झालंय. पण घाबरून काय करू, म्हणून तुझ्याशी बोलतेय.

कशाने म्हणजे? बाटल्यांनी! तुझ्या बाटल्यांनी. मी तेव्हाच म्हटलं होतं. तीस वर्षं तो त्या जुन्या लांब मानेच्या, जाड काचेच्या बाटल्या जपतोय. लेबलं भिजवून काढायची, बुडात ब्रश घालून घासायच्या, उन्हात उलट्या टांगायच्या. आमच्या लग्नाच्या भांड्यांना एवढा मान नाही मिळाला. आणि तू काय आणलंस ॲडलेडहून? त्या हाताने पिळून उघडायच्या, पापडासारख्या काचेच्या. एकदा प्यायची आणि टाकून द्यायची बाटली ती. तिच्यात घरची बिअर भरायची, वरून झाकण ठोकायचं... 

हो, बारा होत्या तुझ्या. मोजल्यात मी.

नाही... म्हणजे, नाही, फुटल्या त्या सगळ्या तुझ्याच नाहीत... 

हो. जाडही फुटल्या... चार.

मला काय माहीत जाड का फुटल्या! उन्हाने असेल. म्हाताऱ्या झाल्या असतील. आपणही नाही का फुटत हल्ली उठता-बसता?

साखर? मी कुठे साखरेचं नाव काढलं?... 

बरं. हो. साखर जास्त झाली की आत वायू कोंडतो आणि बाटली फुटते, क्लॅरीही तेच म्हणतोय.

एल्वा, आता नीट ऐक, कारण मला हे दोनदा सांगवणार नाही. तो म्हणतोय, साखर त्याच्याच हातून दोनदा पडली. एकदा घातली ते आठवतंय, वहीत लिहिलंय, दुसऱ्यांदा घातली ते आठवतच नाही. दुपारी पहिली बाटली फुटल्यापासून वही मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "नोएलीन, हात गेला तेव्हा चाललं, पण आता डोकंही गेलं."

असंच म्हणाला. शांतपणे. बाटलीला बूच लागत नाही म्हणावं, तसं.

मग उठला, टेबलाशी बसला आणि पत्र लिहिलं. अग्निशमन तुकडीला. राजीनामा, एल्वा. अठ्ठावीस वर्षं गावच्या बंबावर पंप चालवतोय, आणि तीन ओळींत राजीनामा. 'ज्या माणसाला साखर घातल्याचं आठवत नाही, त्याला नळी उघडी राहिल्याचं काय आठवणार.' हे त्यात लिहिलंय. मी वाचलं. पत्र माझ्या हातातच आहे.

लिंडसे येतोय ना पाचला! तुकडीचा कप्तान. क्लॅरीने स्वतः फोन करून बोलावलं, बंबाची चावी घेऊन जा म्हणून. आता साडेचार झालेत.

डॉक्टरीणबाईंनी? अगं, त्यांनी तर गेल्याच महिन्यात लिहून दिलंय. मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका आला त्याने उजव्या हाताला कंप राहिलाय, पंपाचं चाक डाव्या हाताने फिरवा, डोकं ठणठणीत आहे. सहीशिक्क्यानिशी. त्याच आनंदात तर ही बिअर लावली ना त्याने! शनिवारी तुकडीचं जेवण, सगळ्यांना आपल्या हातची पाजायची आणि सोमवारपासून कामावर हजर. आगीचा मोसम तोंडावर आलाय, आणि हे असं.

...बारावी. ऐकलीस ना?... क्लॅरी! ठीक आहेस का?... हात वर केला. ठीक आहे. हातमोजा फाटलाय माझा.

काय म्हणालीस? त्याने साखर घातलीच नव्हती?

तुला कसं दिसणार, बाटल्या भरल्या त्या रविवारी तू नऊला उगवलीस. त्याने सहाला घातली. एकट्याने. पातेल्यात पाणी उकळलं, साखर मोजून विरघळवली आणि सगळी एकदम बिअरच्या पिंपात ओतली. बाटली-बाटलीत चमच्याने घालायची ती जुनी रीत या वेळी सोडली त्याने... कारण हात थरथरतो, एल्वा. चमचा बाटलीच्या तोंडाशी नेईपर्यंत निम्मी साखर ओट्यावर. तुझ्यासमोर सांडायची नव्हती त्याला. थोरल्या बहिणीसमोर.

मलाही नव्हतं सांगितलं. आज सांगितलं, दुपारी.

हॅलो?... एल्वा?... लाइन गेली का?... जरा मोठ्याने बोल!

काय केलंस?

पुन्हा सांग... नाही, मला ऐकू आलं. तरी पुन्हा सांग.

तो झाकणं आणायला आत गेला तेव्हा... मांडून ठेवलेल्या रिकाम्या बाटल्यांत... सगळ्या तीस?... वा! वा, एल्वा बाई! शाबास! तुला वाटलं विसरला. बिचारा. आजारी माणूस. सांगायचं कशाला, त्याला वाईट वाटेल, नाही का? आपणच गुपचूप एकेक चमचा टाकू, पुण्य लागेल! आणि मग केकचा डबा घेऊन तीन तासांवर ॲडलेडला जाऊन मस्तपैकी पाय पसरून बसू, इकडे भाऊ गोणपाट गुंडाळून बाँब निकामी करत बसेना का! तोंड नव्हतं तुला? "क्लॅरी, साखर घातलीस का रे?" पाच शब्द आहेत, एल्वा. लहान मूलही विचारतं. पण नाही, तुम्हाला...

रडू नकोस.

अगं रडू नकोस म्हणते ना... ऐक... एल्वा, ऐक ना... मला तुला बोलायचा काही हक्क नाही.

कारण मीही घातली.

हो. मी. बाटल्या भरून झाल्या, तू मागे पिंप धूत होतीस, तो गोळ्या घ्यायला आत आला होता. झाकणं लावायची राहिली होती. मी आठ वाजल्यापासून बघत होते, त्याने साखरेच्या डब्याला हातच लावला नाही. मला वाटलं, विसरला गं. मार्चपासून प्रत्येक गोष्टीत मला तेच वाटतं. गॅस बंद केला का बघते, कुत्र्याला खायला घातलं का बघते. त्याने घातलेलं असतं, तरी मी पुन्हा घालते. कुत्रा बघ किती सुटलाय.

फेस आला होता वर. साखर पडल्या पडल्या. तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी काय केलं? फडक्याने पुसला.

नाही सांगितलं अजून. दुपारपासून जिभेवर आहे. त्याने पातेल्याचं सांगितलं, तेव्हाच कळलं मला काय झालं ते. म्हणून तर तुझ्या बाटल्यांवर तुटून पडले ना! त्या पातळ होत्या, हे मात्र खरंच आहे... हो, पण डोकं त्याचं शाबूत. डॉक्टरीणबाईंनी सहीशिक्क्याने सांगितलं आणि आपल्या दोघींनाच पटलं नाही.

तू सांगतेस? नको... तू एकटीनेच घातली असं सांगणार? अजिबात नको, आता पुरे झाली ही लपवालपवी. चल, फोन घेऊनच जाते. शेडच्या दारापर्यंत पोचतो हा... अगं डोक्यावर घेतलंय काहीतरी. पोळपाट म्हण हवं तर, पाव कापायची फळी आहे.

क्लॅरी! बाहेर ये... नाही, चहा नाही. आधी बाहेर ये... एल्वा आहे फोनवर... ती बाटली खाली ठेव... हळू!... ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी सांगायची नाही. त्या बाटल्यांत साखर दोनदा नाही पडली. तीनदा पडली. पहिल्यांदा तू घातलीस, सहाला, पातेल्यातून. एकदाच. बरोबर. मग हिने घातली, एकेक चमचा. मग मी. आम्हाला दोघींना वाटलं तू विसरलास... तुला दुसऱ्यांदा घातल्याचं आठवत नाही ना? अरे आठवेल कसं, तू घातलीच नव्हतीस!

...

एल्वा? आहेस ना?... त्याने हेल्मेट काढलं. बादलीवर बसलाय... थांब... काय म्हणालास?... विचारतोय, किती चमचे.

माझा एकच, क्लॅरी. सपाट... एल्वा, तुझा?... शीग लावून? अरे देवा... शीग लावून म्हणतेय!... अगं तो हसतोय. म्हणतोय, एल्वा लहानपणापासून चहातही अशीच... हसतोय गं, पोट धरून... आता रडतोय. असू दे. मीही रडतेय, तू आधीच चालू केलं होतंस.

तेरावी... अगं फुटू दे!

काय रे?... म्हणतोय, "म्हणजे माझं बरोबर होतं." हो, क्लॅरी. तुझं बरोबर होतं... पुन्हा तेच म्हणतोय. हो, बाबा, हो! आमचं चुकलं. माझं चुकलं.

फाटकाशी गाडी आली. लिंडसे... दहा मिनिटं लवकर, या माणसाला आगीला कधी लवकर जाता आलं नाही. लिंडसे, आत ये, पण शेडकडे नको!... चावी?... त्याला विचार... एल्वा, तो उठला. फुलाफुलांचे हातमोजे घालूनच चाललाय फाटकाकडे... मागे वळला. हात पुढे करतोय. पत्र मागतोय... 

दिलं गं, काय करणार, त्याचंच आहे... नाही. लिंडसेला नाही दिलं.

त्या पत्राने चष्मा पुसतोय. बिअर उडाली होती काचेवर.

...हं. हो. ऐकतेय... ये शनिवारी, नक्की ये. बिअर दुकानातून आणू. आणि हे बघ, त्या बाटल्या रिकाम्या झाल्या की टाकायच्या नाहीत म्हणतोय, जाड काचेच्या बघून आणायच्या, पुढच्या रविवारी नवीन पिंप लावतोय. पण बाटल्या भरताना तू हात खिशात ठेवायचेस.

...हो बाई, मीही.