झऱ्यावरचा श्वास

रायना : ...शेळ्या परतल्या नाहीत की दिमका टेकडीच्या टोकावर उभी राहून हाक द्यायची. आमचा बाप खाली गिरणीत पीठ भरत असायचा. तो म्हणायचा, या पोरीनं हाक मारली की पोत्यातलं पीठसुद्धा हलतं. आज सकाळी झोरा चुलीपाशी गायला लागली आणि मला ती हाक ऐकू आली. माझ्या बहिणीची. तिला मातीत ठेवून नऊ वर्षं झाली, वेनेता.

वेनेता : तुझ्या नातीचा आवाज हाकेचा नाही गं. ती ओढणारी आहे, तुझ्यासारखी. खालचा सूर धरून ठेवणारी. बस ना त्या बाकावर. तेवढे वाळुंजीच्या डहाळ्यांचे तुरे एकेक करून दे मला. सात पोरींचे मुकुट बांधायचे राहिलेत आणि पाचाला पडदा वर जायचाय.

रायना : तुरे द्यायला नाही आले मी.

वेनेता : ते कळलं. त्रेचाळीस वर्षांत तू वाचनालयाच्या या रंगमंचाकडच्या मागच्या दारानं आत आली नाहीस. पुढच्या दारानंही येतेस ती मत द्यायला तेवढी.

रायना : मतपेटी गात नाही.

वेनेता : बाहेर किती माणूस जमलंय बघितलंस? ईस्टरआधीचा हा लाझारचा शनिवार, पोरींच्या गाण्याचा सण, असा उन्हाचा आला की सगळं गाव घराबाहेर पडतं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून चर्चमधून बाकं आणवली.

रायना : मी काय विचारते ते ऐक. ‘वाळुंजीला पान’ या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात, ‘झऱ्यावर’ या शब्दाशी श्वास घ्यायला झोराला कुणी शिकवलं?

वेनेता : सुई कुठे ठेवली मी...

रायना : तुझ्या कॉलरला खोचली आहेस. कुणी शिकवलं?

वेनेता : मी. दुसरं कोण शिकवणार?

रायना : तेच म्हटलं. पोरगी घरी कधी गात नाही, मीच गाऊ देत नाही. तिची आई जर्मनीहून फोनवर भांडली म्हणून गायनवर्गाला पाठवलं. तेही मागच्या रांगेत, वीस पोरींच्या घोळक्यात उभी राहील, कुणाला कळणारही नाही, असं समजून. आज सकाळी अंडी रंगवता रंगवता विसरली आणि गायला लागली. तेव्हा मला कळलं की तू तिला तिघींच्या गाण्यात घातलंयस. तेही माझ्या जागेवर. तेही माझीच चूक शिकवून.

वेनेता : चूक नाही ती.

रायना : त्रेचाळीस वर्षं मी तिच्यावर झोपले आणि तिच्यावर उठले. मला सांगू नकोस चूक कुठली ती. पहिल्या दोन कडव्यांत झऱ्यावर श्वास माझा, उंबऱ्यावर तुझा. तिसऱ्यात जागा उलट व्हायच्या. झऱ्यावर तू घ्यायचा, मी धरून ठेवायचं. मी विसरले आणि घेतला. तूही घेतलास. आणि गाण्याला भोक पडलं. तूच म्हणालीस, गाणं शिकवणाऱ्या त्सेनाबाईंना. सगळ्या पोरींसमोर. “आमचं ठरलं होतं बाई, रायना विसरली.”

वेनेता : आठवतंय.

रायना : मी म्हटलं, ठरलं असेल. मी बाराची, तू चौदाची. तुला सगळं पाठ असायचं.

वेनेता : रायना, सकाळी झोराला काय सांगितलंस तू?

रायना : काय सांगणार. म्हटलं, तिसऱ्यात झऱ्यावर श्वास घेऊ नकोस. उंबऱ्यावर घे.

वेनेता : अगं, उंबऱ्यावर दुसरी ओढणारी, नेदा घेते. दोघी एकदम घेतील आणि तिथेच भोक पडेल.

रायना : भोक पडलं म्हणजे काय होतं, ते तू मला सांगणार?

वेनेता : तसं नाही म्हणायचं मला.

रायना : दिमका मधे होती. एका हाताला तू, एका हाताला मी, कोपरात कोपर अडकवून. तिची हाक वर फिरत होती आणि त्सेनाबाई नेहमी सांगायच्या, ओढणाऱ्या पोरींनो, तुम्ही जमीन व्हा, तिला उभं राहायला जागा द्या. आणि झऱ्यावर जमीनच गेली. डोळे मिचकावण्याइतकाच वेळ. तिनं दोन्ही हात सोडवून घेतले. रंगमंचावरून खाली उतरली आणि सरळ चालत गेली, अंगावरच्या कपड्यांनिशी, डोक्यावरच्या मुकुटानिशी. संगीतशाळेचा तो माणूस फक्त तिला ऐकून निवडायला शहरातून आला होता. बाई तिच्यामागे धावल्या. पुन्हा गा म्हणून किती विनवलं, ती कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसून राहिली. त्याची सहाची बस होती. तो गेला.

वेनेता : मी होते तिथे, रायना.

रायना : तू होतीस. पण दुकानात पाव आणायला तू जात नव्हतीस. दुकानदार पाव हातात द्यायचा आणि म्हणायचा, “हळू गं, मधेच श्वास घेशील.” नळावर बायका विचारायच्या, “काय रायना, घेतलास का आज?” हसायच्या. मनानं वाईट नव्हत्या, सवय झाली होती त्यांना. माझ्या लग्नात वाजंत्र्यानंसुद्धा तो विनोद केला. नवऱ्याला कळला नाही, तेव्हा मीच समजावून सांगितला.

वेनेता : आणि दिमका?

रायना : ती एक शब्द बोलली नाही मला. तोच तर त्रास होता. शरद ऋतूत सूतगिरणीत लागली. कणीक मळताना गायची, ते थांबलं. शेळ्यांना हाक मारायची, ते थांबलं. शेळ्या मी आणायला लागले, शिट्टी वाजवून. गिरणीतला कापूस तिच्या छातीत बसत गेला. शेवटच्या हिवाळ्यात तिला माझं नाव एका दमात घेता येत नव्हतं. ‘रा’ म्हणायची, थांबायची, मग ‘यना’. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असले तरी तिथूनच धावायचे, पुढचं तिला म्हणावं लागू नये म्हणून.

वेनेता : पाणी देऊ तुला?

रायना : नको. झोराला त्या गाण्यातून काढ.

झोरा : बाई, नेदाच्या मुकुटातून मधमाशी निघाली आणि ती रडतेय. मागदा म्हणते, रडलीस तर नाक चोंदेल, मग तू ओढणार कशी. म्हणून ती आणखी रडतेय. अगं, आजी. तू इथे?

रायना : तुला बघायला आले.

झोरा : पण तू तर बाहेर खुर्चीवर बसायचं. सरपंचांच्या हातात भाषणाची चार पानं आहेत, मी मोजली. दोन्ही बाजूंनी लिहिलेली. आणि आजी, हा एप्रन चावतो.

रायना : लोकर आहे. तुझ्या दिमका आजीलाही चावायचा.

झोरा : मग ती काय करायची?

रायना : खाजवायची. सरळ उभी राहा, गाठ सुटलीय.

झोरा : आता एकदाचं सांगा बरं दोघी. तिसऱ्या कडव्यात झऱ्यावर श्वास घ्यायचा की नाही? बाई म्हणतात घे. आजी म्हणते घेऊ नको. मला तोंड एकच आहे.

वेनेता : घ्यायचा.

रायना : नाही घ्यायचा.

झोरा : मग मी कुठेच घेत नाही. निळी पडते.

रायना : असं बोलू नये. जा, नेदाचं नाक पुसून दे. हाक मारली की ये.

वेनेता : ...जाताना पण उड्या मारत जाते.

रायना : म्हणूनच म्हणते, काढ तिला. मोठ्या घोळक्यात उभी कर, मागच्या रांगेत. तिथे वीसजणींत कुणी श्वास घेतला, कुणी सोडला, देवालाही कळत नाही.

वेनेता : तिघींचं गाणं दोघींनी होत नाही.

रायना : मग होऊ नये. एक गाणं कमी झालं तर सरपंच पाचवं पान लिहील. वेनेता, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. त्या पोरीला उद्या पाव आणायला दुकानात जायचंय. परवाही जायचंय. ती बाराची आहे.

वेनेता : हातातल्या फांदीची साल काढू नकोस, तुटेल ती.

रायना : तुटू दे. बोल.

वेनेता : तिसऱ्या कडव्यात जागा बदलत नाहीत.

रायना : काय?

वेनेता : कधीच बदलत नव्हत्या. तिन्ही कडव्यांत झऱ्यावर श्वास तुझा, उंबऱ्यावर माझा. तू घेतलास तो बरोबर घेतलास. धरून ठेवायचं होतं मी.

रायना : पण तू म्हणालीस, ठरलं होतं.

वेनेता : काही ठरलं नव्हतं. बाईंनी विचारलं, सूर कुणी सोडला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि तू रडत होतीस. रडणाऱ्याचीच चूक असणार असं सगळ्यांना वाटतं. मी बोलून गेले. माझा दम संपला होता रायना, झऱ्यावर. दम संपला.

रायना : परत सांग.

वेनेता : तुझी चूक नव्हती.

रायना : आणखी एकदा.

वेनेता : तुझी चूक नव्हती. घंटा झाली, रायना. सरपंच उतरले वाटतं. पोरी पडद्यापाशी उभ्या असतील. काढू का झोराला? तू म्हणशील तसं करते आता.

रायना : ...झोरा. ए झोरा, इकडे ये.

झोरा : आलेच. चारही पानं वाचली त्यांनी. शेवटी टाळ्या वाजवल्या त्या संपलं म्हणून.

रायना : ऐक. झऱ्यावर घे श्वास. तिसऱ्यातसुद्धा. बाई सांगतात तसंच.

झोरा : नक्की?

रायना : नक्की. सकाळी माझी चूक झाली.

झोरा : तू असं कधी म्हणत नाहीस.

रायना : जन्मभर म्हणत आले. तुला ऐकू गेलं नसेल. कोपर घट्ट अडकव. आणि खाजवायचं असलं तर आत्ताच खाजवून घे.

(पडदा वर जातो. दोघी कडेच्या काळ्या कापडामागे उभ्या राहतात. तीन मुली गाऊ लागतात.)

मुलींचे आवाज :
वाळुंजीला पान आलं, लाझारे,
झऱ्यावरती ऊन आलं, लाझारे,
उंबऱ्यावरती कोण आलं, लाझारे...

रायना : मागदाची हाक चांगली आहे.

वेनेता : चांगली आहे. दिमकाची नाही.

रायना : कुणाचीच नसते. माझा हात सोड, दुखतोय.

वेनेता : तूच धरलायस तो.

रायना : हं.

मुलींचे आवाज :
लेक निघाली दूर गावा, लाझारे,
झऱ्यावरती...

रायना : आता.

मुलींचे आवाज :
...घडा विसरला, लाझारे,
उंबऱ्यावरती पाय अडला, लाझारे.

रायना : घेतला तिनं?

वेनेता : घेतला.

रायना : मला काही ऐकू आलं नाही.

वेनेता : कुणालाच आलं नाही. म्हणजे बरोबर घेतला. बघ, उंबऱ्यावर नेदानंही घेतला. झालं. आता शेवटची ओळ तेवढी.

रायना : एवढंच होतं ते. एवढंसं.

वेनेता : एवढंसंच.

रायना : दिमकाला पोचवायला गेलो तेव्हा तू माझ्या दंडाला धरून उभी होतीस. चिखल होता, मी घसरू नये म्हणून. पाद्री वाचत होता तेवढा वेळ. मी तुझ्या कानात म्हटलं, माझ्यामुळे गं, माझ्यामुळे ती त्या सूतगिरणीत गेली. तेव्हा तुला बोलता आलं असतं.

वेनेता : आलं असतं.

रायना : तू काय म्हणालीस माहितीय? “थंडी वाजतेय तुला, चल.”

वेनेता : माहितीय.

रायना : ती जिवंत असती तर तिला तरी सांगितलं असतंस का?

वेनेता : तिला सांगायची गरज नव्हती. ती मधे होती ना, रायना. तिच्या एका कोपरात तुझ्या बरगड्या, एका कोपरात माझ्या. कुणाचा श्वास कधी आत गेला आणि कुणाचा बाहेर, ते तिला आपल्याआधी कळायचं. म्हणून खाली उतरताना तुझ्याकडे वळून नाही बघितलं तिनं. माझ्याकडे बघितलं.

रायना : आणि मला काही बोलली नाही.

वेनेता : मला वाटायचं, तुला सांगितलं असेल. दर वर्षी वाटायचं, आता रायना येईल आणि थोबाडीत मारेल. तू आली नाहीस, तेव्हा कळलं, ती माझं झाकून ठेवतेय. का, ते नाही कळलं.

रायना : मैत्रीण होतीस तू तिची.

वेनेता : हो.

रायना : माझ्यापेक्षा जास्त तुझ्याबरोबर असायची. मी मागून पळायचे तुमच्या.

वेनेता : टाळ्या थांबतायत. पोरी येतील आता.

रायना : येऊ देत. दम संपला म्हणालीस.

वेनेता : हो.

रायना : तुझा?

वेनेता : माझा.

रायना : उन्हाळ्यात बापाच्या गिरणीच्या डोहात पैजा लागायच्या. तू तळाशी जाऊन दगड धरून बसायचीस. पोरं शंभरपर्यंत मोजायची आणि तू वर यायची नाहीस. दिमका काठावर रडायची, माझा फ्रॉक ओढून म्हणायची, जा, तिला वर काढ. आणि धरायचं होतं ते केवढं, आत्ता ऐकलं मी. झऱ्यापासून घड्यापर्यंत. दोन शब्द आहेत, वेनेता.

वेनेता : मुकुट पडतोय बघ तुझ्या पोरीचा, येताना...

रायना : माझ्याकडे बघ. दम संपला होता तुझा?

वेनेता : आदल्या दिवशी तिनं मला ट्रंक दाखवली होती. भरून ठेवलेली, पलंगाखाली. अजून त्या माणसानं तिला ऐकलंही नव्हतं. मी विचारलं, माझं काय. ती हसली, म्हणाली, तू पत्र लिही. आणि तिसऱ्या कडव्यात, लेक निघाली दूर गावा म्हणताना, तिनं आनंदानं माझं कोपर असं दाबलं. दम संपला नव्हता, रायना. ती जाऊ नये म्हणून मी सूर सोडला.