हिरवळीवरचं औषध

अकोल्याच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या रमाबाईंच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडलं. बोलत होते एक वकील आणि त्यांच्या माळ्याची बायको. माळी पुंजाराम कालपासून आत बेशुद्ध पडून होता.

"गोदाबाई, हिरवळीतल्या किड्यांवर दाणेदार औषध टाक, एवढंच मी पुंजारामला म्हणालो. उघड्या हातानं टाक असं नाही."

"मंग कशानं टाकाचं होतं, साहेब?"

"हातमोजे घालून. वरून पाणी द्यायचं, मग साबणानं हात धुवायचे. पुड्यावर सगळं छापलंय."

"इंग्रजीत छापलं हाय. त्याईले तं मराठीबी वाचता येत नाई."

"मला विचारायचं होतं."

"इचारलं ना! तुमी म्हनले, मी कोर्टात जाऊन राहिलो, मीठ टाकते तसं टाक. त्याईनं तसंच टाकलं अन् जामाच्या झाडाखाली बसून त्याच हातानं भाकर खाल्ली."

"हे इतकं जहाल असेल, हे मला काय ठाऊक?"

"मंग काल दिवसभर तुमच्या पोराईले हिरवळीवर कावून खेळू नाई देल्लं?"

आतून रमाबाईंचा नंबर पुकारला. उत्तर ऐकायला त्या तशाच बसून राहिल्या. वकील चष्मा पुसत होते.